खेळण्यांतील रणगाडा आणि त्याची तोफ

खेळणें या शब्दाला आपल्याकडे उगाच एक हलकेपणा चिकटला आहे. मूल दहा-बारा वर्षांचें झालें कीं त्याच्या हातांतील खेळणें काढून घ्यावें आणि तेथें व्याकरण किंवा भूमिति द्यावी, असा शिष्टसंप्रदाय आहे. व त्यांत सर्वस्वीं वावगें आहे असें कोणी शाळामास्तर म्हणणार नाहीं. परंतु खेळण्यांचा एक वर्ग असाही आहे कीं, भूमिति, यंत्रशास्त्र, विद्युत् आणि सोनाराची कारागिरी हीं थोडथोडीं अंगीं आल्यावांचून त्याला हात लावतां येत नाहीं. रेडिओच्या लहरींनीं दुरून चालवितां येणारा छोटा रणगाडा हें या वर्गांतलें एक ठळक उदाहरण होय.

जपानांत शिझुओका येथें असलेला तामियाचा कारखाना, चीनमधील हेंग लाँगचा कारखाना व इतर कांहीं कारखाने असे रणगाडे करतात. पुष्कळसे मूळ रणगाड्याच्या सोळाव्या हिश्शानें केलेले असतात. दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन शर्मन रणगाडा मूळचा सुमारे ५.८ मीटर लांब. त्याची ही प्रतिकृति ३६ सेंटिमीटरांची, म्हणजे पावणेदोन वितींच्या आंतबाहेर. तिचे पट्टे फिरतात, वरचा बुरूज वळतो, पोटांतल्या कर्ण्यांतून इंजिनाची घरघर निघते. एवढें सगळें विकतच्या पेटींतच येतें. पण जपान, युरोप आणि अमेरिका येथील हौशी मंडळी तेवढ्यावर तृप्त होत नाहींत. बुरुजाचें झांकण काढावें, आंत तोफेचें यंत्र आपल्या हातांनीं घडवून बसवावें, हा त्यांचा खरा नाद. तोफ उडाली असें दिसलें पाहिजे, ऐकूं आलें पाहिजे. आणि कित्येकांच्या मतें तिच्यांतून कांहींतरी खरोखर सुटलेंही पाहिजे. या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या घरांत गेल्या वर्षीं बराच खल झाला. त्या निमित्तानें जें वाचण्यांत व पाहण्यांत आलें, तें वाचकांपुढें मांडीत आहें.

रणगाडा रणांगणावर प्रथम उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजीं, फ्रान्समध्यें, सॉम नदीच्या लढाईंत. तारेवांचून यंत्र हांकण्याची कल्पना त्याहून जुनी. निकोला टेस्ला यानें सन १८९८ मध्यें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत लहानशी नाव सोडून ती दुरून फिरवून दाखविली होती. या दोन कल्पनांचें लग्न खेळण्यांच्या दुकानांत लागलें असेल असें कोणासही वाटेल. पण दुकानांत असे रणगाडे येण्याच्या कितीतरी आधीं सोव्हिएत रशियानें टी-२६ जातीचे रणगाडे निर्मनुष्य करून ते मागून येणाऱ्या दुसऱ्या रणगाड्यांतून रेडिओनें हांकले आणि सन १९३९-४० च्या हिवाळ्यांत फिनलंडविरुद्ध वापरलेही. त्यांवर आग ओकणारीं यंत्रें होतीं. दिवाणखान्यांतील या खेळण्याचे पूर्वज असे आहेत.

आतां तोफेकडे वळूं. गोळा पुढें जातो तेव्हां तोफ मागें येते, हें जुन्या काळच्या गोलंदाजालाही पक्कें ठाऊक होतें. न्यूटन त्याला ठाऊक नव्हता इतकेंच. प्रत्येक बारासरशीं तोफ गाड्यासकट मागें ढकलली जाई, मग माणसें लावून ती पुन्हां जागेवर आणावी लागे आणि नेम नव्यानें धरावा लागे. हा ताप निवारणारी नामांकित तोफ म्हणजे फ्रेंचांची सन १८९७ ची ७५ मिलिमीटर तोंडाची तोफ. तिची नळी गाड्याला जखडलेली नव्हती. ती एका पाळण्यावरून मागें घसरे. घसरतांना तिच्याशीं जोडलेला दट्ट्या नळकांड्यांतलें तेल अरुंद भोंकांतून पलीकडे रेटी व त्यांत धक्क्याचा जोर जिरून जाई. त्याच वेळीं कोंडलेली हवा अधिक दाबली जाई, आणि तीच हवा मग प्रसरण पावून नळीला परत पुढें लोटी. गाडा जागचा हलत नसल्यामुळें मिनिटाला पंधरापर्यंत बार करतां येत. पुढें रणगाड्यांत ज्या तोफा आल्या त्या याच कुळांतल्या. कांहींत हवेच्या जागीं पोलादी स्प्रिंग असे, इतकाच भेद. यांतील एक बारीक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढचें सारें विवेचन तिच्यावर उभें आहे: नळी मागें येते ती डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों, पण पुढें जाते ती सावकाश, जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा संथपणानें.

शर्मनच्या तोफेचें तोंड ७५ मिलिमीटर. तिचा कवचभेदी गोळा पावणेसात किलोंच्या जवळपास आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६१८ मीटर. बार होतांच नळी सुमारे एक फूट मागें सरके. तोफ क्षितिजाखालीं १० अंश वांके व वर २५ अंश उठे. बुरूज सबंध एक फेरा पंधरा सेकंदांत घेई. सोळाव्या हिश्शानें हेंच सर्व साधावयाचें म्हणजे नळी एक फुटाऐवजीं १९ मिलिमीटर मागें आली पाहिजे, आणि हा सारा संसार ज्या बुरुजांत थाटावयाचा, त्याच्या बैठकीच्या कड्याचा व्यास अवघा अकरा सेंटिमीटर. चहाची बशी यापेक्षां मोठी असते.

माझ्या थोरल्या पुतण्याचा मुलगा यंदां अकरावींत आहे. त्याला असा एक शर्मन मिळाला तो छर्रे सोडणाऱ्या तोफेचा. या यंत्राची रचना खरोखर चतुर आहे. एक इवलीशी मोटर दांतेरी चाकें फिरविते. शेवटच्या चाकाला अर्ध्याच परिघावर दांते असतात. ते दांते दट्ट्याला मागें ओढीत स्प्रिंग दाबीत नेतात, आणि दांते संपले कीं दट्ट्याचा हात सुटतो. स्प्रिंगेच्या जोरानें तो पुढें झेप घेतो, नळकांड्यांतली हवा एकदम दाबली जाते, आणि ती तोंडाशीं अडकवून ठेवलेल्या ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या छर्ऱ्याला बाहेर फेकते. यांत दारू नाहीं, विस्तव नाहीं, आहे तो केवळ फुंकणीचा न्याय. पहिल्या दिवशीं घरांतील सर्व लहानथोर मंडळींनीं तें कौतुकानें पाहिलें. दुसऱ्या दिवशीं वहिनींना निवडलेल्या तांदुळांत तीन छर्रे सांपडले, त्यावरही हंसण्यावारी गेलें. तिसऱ्या दिवशीं मात्र धाकट्या पुतण्याची चार वर्षांची मुलगी जमिनीवर पालथी पडून, "आंत कोण आहे?" असें म्हणत तोफेच्या तोंडाला डोळा लावून पाहूं लागली. मुलाचा हात त्या वेळीं चालक-पेटीवर नव्हता, हें तिचें नशीब. छर्ऱ्यानें कातडीला फारतर चिमटा बसतो; डोळ्याची गोष्ट निराळी आहे. छर्ऱ्यांच्या बंदुकांनीं खेळणारे सर्वत्र डोळ्यांवर जाड चष्मा चढवितात तो उगाच नव्हे.

त्या रात्रीं जेवणानंतर पंचाईत बसली. मुलाची आई म्हणाली, तोफ काढून टाकावी. वडील म्हणाले, चष्मे आणूं. मुलानें मात्र एक प्रश्न विचारला, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला. तो म्हणाला, "आजोबा, छर्रा खरोखर सुटतो, तरी रणगाडा उडाल्यासारखा वाटत नाहीं. जागचा हालतसुद्धां नाहीं. असें कां?"

मीं त्याला पाटी आणावयास सांगितली. (आमच्या घरीं अजून पाटी आहे.) वजन आणि वेग यांचा गुणाकार करावयाचा. खऱ्या शर्मनचा गोळा पावणेसात किलो, वेग ६१८ मीटर; गुणाकार चार हजारांहून थोडा अधिक. रणगाड्याचें वजन ३० टन, म्हणजे ३०,००० किलो, यानें भागिलें असतां सेकंदाला चौदा सेंटिमीटर येतात. दारूच्या वायूचा धक्का यांत धरलेलाच नाहीं. तीस टनांचें धूड चौदा सेंटिमीटरांच्या वेगानें मागें ढकललें जातें, स्प्रिंगांवर डुलतें, नाक वर करतें. आतां छर्रा. त्याचें वजन एक ग्रॅमाचा पांचवा हिस्सा, वेग सेकंदाला ४० मीटर धरूं. प्रतिकृतीचें वजन साधारण चार किलो. उत्तर येतें सेकंदाला दोन मिलिमीटर. मुंगी याहून भरभर चालते. मुलगा पाटीकडे पाहत राहिला.

याहूनही एक गणित आहे व तें गॅलिलिओच्या सन १६३८ मधील ग्रंथापासून शास्त्रज्ञांना परिचित आहे. लांबी सोळाव्या हिश्शाची केली तर आकारमान सोळाव्या हिश्शाचें होत नाहीं. सोळाचा घन, म्हणजे ४०९६ व्या हिश्शाचें होतें. त्या हिशेबानें तीस टनांचा शर्मन सुमारे सव्वासात किलोंचा व्हावा. प्लास्टिकची प्रतिकृति त्याहून पुष्कळ हलकी असते. आणि पडणें, झुलणें, डुलणें या क्रियांना लागणारा काळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत कमी होतो. सोळाचें वर्गमूळ चार. मूळ रणगाडा एका सेकंदांत जितका डुलेल तितकी प्रतिकृति पाव सेकंदांत डुलते, आणि म्हणूनच डोळ्यास ती खेळण्यासारखी दिसते. चित्रपटवाले लहान आगगाड्या व जहाजें यांचीं चित्रें जलद घेऊन पडद्यावर संथ दाखवितात, तें याच कारणानें. तात्पर्य, निसर्गनियम लहान वस्तूला मोठीसारखें वागूं देत नाहीं. तिला तसें वागावयाचें असेल तर अभिनय करावा लागतो.

अभिनय हा शब्द मीं येथें मुद्दाम वापरला आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत आहार्य अभिनयाचें प्रकरण लिहिलें आहे, त्यांत रंगभूमीवरील कृत्रिम वस्तूंना 'पुस्त' अशी संज्ञा देऊन त्यांचे तीन भेद सांगितले आहेत. यंत्राच्या साह्यानें हालणारी वस्तु तो 'व्याजिम' पुस्त. त्याच प्रकरणांत शस्त्रांविषयीं स्पष्ट निर्बंध आहे: रंगावर खरा प्रहार करूं नये, कांहीं छेदूं-भेदूं नये, प्रहाराची केवळ खूण दाखवावी. शस्त्रें घडवावयाचीं तींही हलक्या द्रव्यांचीं. हें सांगणारा मुनि कांहीं भित्रा नव्हता. प्रेक्षकाला युद्धाचा प्रत्यय देण्यास जखमेची गरज नाहीं, उलट जखम झाली कीं नाट्य संपतें, हें त्यानें ओळखलें होतें. व्याजिम म्हणजे ज्यांत 'व्याज', अर्थात् बतावणी आहे तें. आमचा शर्मन याच पंक्तींतला.

याविरुद्ध पक्षालाही वजन आहे, तें नाकारूं नये. इंग्रज लेखक एच्. जी. वेल्स यानें सन १९१३ मध्यें 'लिट्ल वॉर्स' या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध करून दिवाणखान्यांतील युद्धाचे नियम घालून दिले. त्याच्या खेळाचा प्राणच मुळीं स्प्रिंगेची खेळण्यांतली तोफ. ती इंचभर लांकडी नळकांडें सोडी आणि शिशाचे शिपाई खरोखर पाडी. फांसे टाकून कोण मेला हें ठरविण्यापेक्षां नेम धरून पाडणें त्याला अधिक प्रामाणिक वाटलें. वेल्स युद्धाचा भक्त नव्हता. खेळांतले घोटाळे पाहून खरें महायुद्ध केवढी भयंकर चूक ठरेल, असेंच त्यानें शेवटीं म्हटलें, आणि पुढल्याच वर्षीं तें महायुद्ध पेटलें. तेव्हां छर्रा सोडणारा मुलगा दुष्ट होतो असें समजण्याचें कारण नाहीं. पण वेल्सचे शिपाई शिशाचे होते, आणि त्याची तोफ प्रतिकृति म्हणविण्याचा आग्रह धरीत नव्हती. येथें तो आग्रह आहे, आणि तो धरला म्हणजे छर्रा मारक ठरतो. सहाला सोळांनीं गुणिलें तर ९६ येतात. ज्या मूळ तोफेचें तोंड ९६ मिलिमीटरांहून मोठें, तिच्याच सोळाव्या हिश्शाच्या नळींतून ६ मिलिमीटरांचा छर्रा जाऊं शकेल. शर्मनची ७५ ची नळी सोळाव्या हिश्शानें ४.७ मिलिमीटर होते. प्रसिद्ध जर्मन टायगरची ८८ ची साडेपांच. म्हणजे छर्रा सोडावयाचा तर नळीचें तोंड फाजील मोठें करणें आलें, आणि तोंड खोटें झालें कीं सगळा रणगाडा खोटा दिसूं लागतो. हा गुणाकार मुलानें स्वतः केला व छर्ऱ्याचें यंत्र स्वतः काढलें. मोठ्यांना हुकूम करावा लागला नाहीं.

दिवाळीच्या सुट्टींत आम्ही त्याला अहमदनगरला, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरला, घेऊन गेलों. तेथें लष्कराचें रणगाड्यांचें संग्रहालय सन १९९४ पासून आहे. ज्या घरीं मुलें असे छंद करतात त्यांनीं तें अवश्य पाहावें. पुस्तकांतील चित्रानें जें कळत नाहीं तें तेथें एका दृष्टिक्षेपांत कळतें. चेन्नईजवळ आवडी येथें घडलेला विजयंता तेथें आहे. त्याच्या तोफेचें तोंड १०५ मिलिमीटर, म्हणजे ९६ च्या कसोटीला उतरणारें, हें मुलानें तात्काळ सांगितलें. शत्रूकडून हस्तगत केलेला पॅटन आहे, सेंच्युरियनही आहे. याच सेंच्युरियन जातीच्या रणगाड्यांचें पथक घेऊन पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर सन १९६५ च्या युद्धांत लढले, १६ सप्टेंबरला कामास आले आणि परमवीर चक्राचे मानकरी झाले. हें ऐकल्यावर मुलगा बराच वेळ त्या पोलादावर हात ठेवून उभा होता. मग त्यानें नळीच्या बुडाशीं, जेथें ती जाड ढालीच्या मागें नाहींशी होते तेथें, वांकून पाहण्यास आरंभ केला. त्याला माहीत करून घ्यावयाचें होतें कीं, मागें सरणारा भाग नेमका कोठून सुरू होतो.

कारण आतां माघार घेणारी नळी घडवावयाची होती. त्या कामीं सर्व्हो नांवाचें यंत्र वापरतात. आगपेटीहून लहान डबींत एक मोटर, चार-पांच दांतेरी चाकें, आणि आपला दांडा किती अंश वळला आहे हें स्वतःच ओळखणारा एक विद्युत्-अवयव. त्याला सेकंदाला पन्नास वेळां विजेचा छोटा स्पंद पाठवितात. स्पंद एक सहस्रांश सेकंदाचा असेल तर दांडा एका टोकाला, दोन सहस्रांशांचा असेल तर दुसऱ्या टोकाला, दीड असेल तर मध्यें. दांडा नव्वद अंश वळला असतां त्याच्या टोकाचें सरळ अंतर दांड्याच्या लांबीच्या १.४१ पट होतें; म्हणून १९ मिलिमीटर माघार हवी तर साडेतेरा मिलिमीटरांचा दांडा. कर्णाचा सिद्धान्त अकरावींतल्या मुलाला कोठें उपयोगी पडेल असें विचारणाऱ्या पालकांनीं हें टिपून ठेवावें.

पण सर्व्हो बुरुजाच्या तळाला बसविला तर घात होतो. तोफ वर उठली कीं अंतर बदलतें आणि नळी आपोआप मागेंपुढें सरूं लागते. खऱ्या तोफेप्रमाणें तिला एक पाळणा करावा लागतो. नळी पाळण्यांत सरकते आणि सर्व्होसकट पाळणा आडव्या आसावर वरखालीं होतो. आमच्या कारागिरानें तो पितळेच्या दोन नळ्यांचा केला, एकींत एक घट्ट पण मोकळी बसणारी. त्यांच्यामधील फट केंसाएवढी जास्त झाली तर नळीचें टोंक बैलाच्या मानेसारखें हलतें. कमी झाली तर ती अडकते. हें घांसणें-पुसणें तीन आठवडे चाललें होतें. शिवाय नळी ॲल्युमिनियमची असल्यामुळें पाळणा पुढच्या बाजूस झुकतो. मागें शिशाचा तुकडा लावून तो तोलावा लागतो, नाहींतर वर उचलणारा दुसरा सर्व्हो सदा कुरकुरत राहतो.

मग येतो चालीचा प्रश्न. सर्व्होला 'मागें' आणि 'पुढें' एवढेंच सांगितलें तर तो दोन्ही वेळां सारख्याच वेगानें जातो, व नळी शिवणयंत्राच्या सुईसारखी दिसते. येथें फ्रेंच तोफेची ती बारीक गोष्ट कामास येते. मागें एका झटक्यांत, पुढें सावकाश. सर्व्होला साठ अंश वळावयास एक किंवा दोन दशांश सेकंद लागतात, तेव्हां मागें जाण्याचा वेग त्याच्या शक्तीवर सोडावा. पुढें आणतांना मात्र स्पंदाची लांबी पायरीपायरीनें बदलून सुमारे एक सेकंद घ्यावा. ज्यांना विजेची आज्ञावली लिहितां येत नाहीं ते गोगलगाईच्या शंखासारख्या आकाराची चकती वापरतात: तिचा कांठ हळूहळू वाढत जाऊन एकदम तुटतो. कांठ तुटला तेथें स्प्रिंग नळीला झटकन् मागें खेंचते, आणि चकती फिरत राहून तिला परत पुढें सारते. मला स्वतःला ही चकती अधिक आवडली. आज्ञावली डोळ्यांना दिसत नाहीं; चकतीचें मन तिच्या आकारावर लिहिलेलें असतें.

बाराचा प्रकाशही हवा. कांहीं यंत्रांत छायाचित्रकाराच्या झगमगाटी दिव्यासारखा झेनॉनचा दिवा असतो. त्याचा लखलखाट अप्रतिम, पण त्यासाठीं कपॅसिटरमध्यें सुमारे ३०० व्होल्टांचा दाब सांठविलेला असतो व बॅटरी काढल्यावरही तो कांहीं काळ आंत दबा धरून बसतो. मुलांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये; एल्. ई. डी. चा दिवा नळीच्या तोंडाशीं बसवावा, तेवढ्यानें भागतें. त्याच्या तारा केंसासारख्या बारीक व लवचिक असाव्या आणि नळीच्या सरकण्यापुरता त्यांना सैलपणा ठेवावा. धूर पाहिजे असल्यास तापलेल्या तारेवर तेलाचे थेंब पाडून तो काढतात. आमच्या घरीं देवघरांतील धूप पुरेसा आहे असें वहिनींनीं सांगितल्यामुळें तो भाग वगळला. शेवटीं सर्वांत साधी आणि सर्वांत परिणामकारक युक्ति: बार होतांच दोन्ही पट्टे क्षणभर उलटे फिरवावे. रणगाडा बोटभर मागें सरतो आणि नाक वर करून पुन्हां बसतो. छर्ऱ्याचे दोन मिलिमीटर जें करूं शकले नाहींत तें या बतावणीनें होतें. प्रकाश, ध्वनि, नळी आणि हा झोंका हीं चारही एकाच क्षणीं सुरू झालीं पाहिजेत. ध्वनि जरा आधीं निघाला तरी सारा डोलारा कोसळतो, आणि सर्व्हो मुळांतच किंचित् आळशी असल्यामुळें बाकीच्यांना त्याच्यासाठीं थांबवून धरावें लागतें.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. मूळ शर्मनमध्यें रणगाडा खाचखळग्यांतून जात असतां तोफ वरखालीं हिंदकळूं नये म्हणून भोंवऱ्याच्या तत्त्वावर चालणारें यंत्र बसविलेलें असे. तें अवजड व नाजूक होतें. आज तेंच काम करणारी नखाएवढी चकती थोड्या रुपयांत मिळते, आणि तोफ उचलणाऱ्या सर्व्होला ती जोडली कीं रणगाडा उंबऱ्यावरून चढतांनाही नळी समोरच्या भिंतीवरील आपला बिंदु सोडीत नाहीं.

तरीही नेम, मारा आणि जयापजय यांवांचून मुलांचा खेळ पुरा होत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. त्यासाठीं छर्ऱ्याऐवजीं अवरक्त किरण वापरण्याची युक्ति तामियासारख्या कारखान्यांनीं रूढ केली आहे. दूरचित्रवाणीचा संच दुरून चालू करण्यास जो अदृश्य प्रकाश उपयोगी पडतो तोच हा. तो सेकंदाला सामान्यतः ३८,००० वेळां लुकलुकत सोडतात, म्हणजे घरांतल्या दिव्यांच्या उजेडापासून तो निराळा ओळखतां येतो. प्रत्येक रणगाड्याच्या बुरुजावर चहूंकडून किरण टिपणारा एक डोळा असतो. आघात झाला कीं रणगाडा थरथरतो, चार-दोन आघातांनंतर मंदावतो, आणि ठरलेला आंकडा भरला कीं जागच्या जागीं गप्प होतो. हलक्या रणगाड्याला थोडे आघात पुरतात, जडाला अधिक लागतात. पण जडाला दुसरा बार भरण्यास वेळही अधिक लागतो. "लागलें," "नाहीं लागलें" हा तंटा, ज्यानें छर्ऱ्यांच्या सर्व लढाया शेवटीं आईपर्यंत जातात, तो येथें उद्भवत नाहीं. हरलेला रणगाडाच आपण हरलों असें सांगतो. चार वर्षांची चिमुरडी आतां तोफेच्या तोंडांत खुशाल पाहते. आंत तिला मिणमिणता दिवा दिसतो, आणि कोण आहे याचें उत्तर तिनें स्वतःच ठरवून टाकलें आहे.

शेजारच्या इमारतींतील मित्राकडे एक टायगर आहे. दोघांचीं युद्धें आरंभीं गच्चीवर होत, पण तेथें एक अडचण निघाली. सूर्यप्रकाशांत अवरक्त किरण इतके भरलेले असतात कीं, रणगाड्याचा डोळा दिपून जातो आणि कितीही बार केले तरी त्याला लागत नाहींत. म्हणून आतां लढाया दिवेलागणीनंतर माजघरांत होतात. तेथें भिंती नव्यानें पांढऱ्या रंगविलेल्या आहेत. पांढऱ्या भिंतीवरून किरण उलटतात, हें टायगरवाल्याच्या आधीं आमच्या मुलाच्या ध्यानांत आलें. तेव्हांपासून तो शर्मन कपाटाच्या आड उभा करतो, तोफ भिंतीकडे वळवितो, आणि टायगरला पाठीमागून आघात कोठून येतात याचा पत्ता अजून लागलेला नाहीं.